विस्तवाची पारख

शेंडी गावाच्या वरच्या अंगाला, जलाशयापलीकडे रतनगडाचा डोंगर दिसेल अशा जागी, पाहुण्यांच्या निवासाची एक लहानशी वास्तू आहे. तिच्या मुदपाकखान्याचा आणि कोठीचा कारभार गेली 19 वर्षे माझ्याकडे आहे. या काळात तांदूळ, तेल, मसाला, भांडी, यांपैकी कोणत्याही बाबीची निवड करताना जितका विचार करावा लागला नाही, तितका मला एका विस्तवाची निवड करताना करावा लागला. आणि तोही एकदा चुकून, पैसे दवडून आणि पाहुण्यांपुढे मान खाली घालून झाल्यावर, पुन्हा दुसऱ्यांदा. त्या दोन निवडींमध्ये जे एक वर्ष गेले, त्याची ही हकीकत आहे.

आमच्याकडे येणारा पाहुणा मुख्यत्वे मुंबई, ठाणे, नाशिक आणि पुणे या शहरांतून येतो. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की अंगणात विस्तवाजवळ बसावे, मसाला मुरवून भाजलेली कोंबडी खावी, जलाशयातला ताजा मासा निखाऱ्यावर मिळाला तर तोही घ्यावा, ही त्याची अपेक्षा. आणि इतका घाट चढून आलेल्या माणसाची ती अपेक्षा रास्तच म्हटली पाहिजे. या कामासाठी आमच्याकडे लोखंडी पिंप उभे कापून केलेली शेगडी होती आणि तिच्यापाशी उभे राहणारे मामा होते. मामा गावातलेच, साठी ओलांडलेले. त्यांच्या हातची कोंबडी एकदा खाल्लेला माणूस पुढल्या वर्षी खोलीची किल्ली घेण्याआधी त्यांची चौकशी करी. परंतु सलग पाच-पाच तास शेगडीपाशी उभे राहून, निखारे वरखाली करीत, गळणाऱ्या चरबीचा भडका पाण्याच्या शिंतोड्यांनी दाबीत, मामांचे डोळे सबंध हिवाळा लाल असत. आणि माघ लागेपर्यंत त्यांना असा खोकला जडे की रात्री त्यांच्या खोलीवरून जाताना, हा खोकला आपल्या जमाखर्चात कोठेच लिहिलेला नाही, या विचाराने माझी पावले जड होत. विस्तव बदलावा हे माझ्या मनात प्रथम तेथे आले.

त्याला आणखी दोन कारणे येऊन मिळाली. फाल्गुन-चैत्रात येथील उतारांवरचे गवत वाळून कोळ झालेले असते, वारा दुपारनंतर वेडावाकडा वाहतो, आणि उघड्या शेगडीतून उडालेली एक ठिणगी कोठे जाऊन पडेल याची हमी कोणालाच देता येत नाही. वणव्याने काळा पडलेला डोंगर ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला अंगणातल्या विस्तवाचाही धाक वाटू लागतो. दुसरी गोष्ट जळणाची. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचे अभयारण्य 1986 साली घोषित झाले. ज्या झाडांवर ज्येष्ठाच्या तोंडाशी काजव्यांचे थवे उजळतात, आणि ज्यांतल्या हिरड्याच्या फळांवर कित्येक महादेव कोळी कुटुंबांची वर्षाची मीठमिरची चालते, त्यांची फांदी पाहुण्यांच्या हौसेपायी तोडणे कायद्यात बसत नाही. पण कायदा नसता तरी ते माझ्याच्याने झाले नसते. लोणारी कोळसा आम्ही संगमनेरहून आणीत असू. त्याच्या पोत्यात निम्मा चुरा निघे, आणि उरलेला निम्मा कोणत्या रानातून आला याची रुजुवात करण्याचा मार्ग नव्हता.

अशा अवस्थेत एका पौषात टेक्सास प्रांतात स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब आमच्याकडे उतरले. त्यातील गृहस्थ मामांच्या शेगडीपाशी दोन रात्री बसले आणि त्यांनी आपल्या परसातल्या पेलेट स्मोकरचे वर्णन केले. रात्री अकराला मांस आत ठेवायचे, उष्णता किती हवी तो आकडा लावायचा, आणि निजावयास जायचे. सकाळी चहाच्या वेळेस ते बोटाने सुटेल इतके मऊ झालेले असते. ना ठिणगी, ना भडका, ना जागरण. मामा शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, “दादा, लाईट गेली म्हंजी?” पाहुण्यांनी सरळ सांगितले की त्यांच्याकडे वीज क्वचितच जाते. त्या उत्तरात माझ्या पुढच्या वर्षाचा सगळा मनस्ताप होता. परंतु त्या वेळी माझे लक्ष मामांच्या डोळ्यांकडे होते आणि ते आता लाल होणार नाहीत एवढेच मला दिसत होते.

या यंत्राची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही, म्हणून ती थोडक्यात सांगतो. लाकडाचा कोरडा भुसा प्रचंड दाबाखाली लोखंडी साच्याच्या छिद्रांतून काढला म्हणजे त्याच्या सहा मिलिमीटर जाडीच्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या तयार होतात; दाबाच्या उष्णतेने लाकडातलेच लिग्निन हे द्रव्य मऊ होऊन भुसा बांधून धरते, निराळा डिंक लागत नाही. हेच पेलेट. स्मोकरच्या बाजूच्या पेटीत ते ओतायचे. पेटीच्या तळाशी एका नळीत लोखंडी मळसूत्र फिरते आणि ते कांड्यांना एका वाटीएवढ्या भांड्यात मोजून ढकलते. तेथे विजेवर तापणारी सळई त्यांना पेटवते, खालचा पंखा वारा घालतो, आणि आतल्या उष्णतेचे मान पाहून कंट्रोलर मळसूत्राचा वेग कमीजास्त करतो. ऑरेगन प्रांतातील माउंट एंजल गावच्या जो ट्रेगर या गृहस्थांच्या कुटुंबाचा घरे उबदार ठेवण्याच्या भट्ट्यांचा व्यवसाय होता. त्यांनी 1985 च्या सुमारास हीच युक्ती अंगणातल्या शेगडीला लावली आणि 1986 साली तिचे पेटंट घेतले. वीस वर्षांनी ते संपले, तेव्हा इतर कारखानदारांना वाट मोकळी झाली आणि बाजारात या यंत्रांची इतकी गर्दी झाली की त्यांतून विश्वासाचे कोणते, हा प्रश्न उभा राहिला.

भुशाचा विस्तव ही आपल्याकडेही नवलाची वस्तू नाही. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले आणि त्याचे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली गेले. त्या पाण्यावर जो ऊस वाढला त्याच्यावर विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाने लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि रस काढून उरलेले उसाचे चिपाड साखर कारखान्याच्या बॉयलरमध्येच जाळतात हे आमच्या जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेने शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळशाच्या वड्या करण्याची रीत बसवली आणि त्यासाठी संस्थेला 2002 साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. पेलेटवर चालणारी, पंख्याची घरगुती शेगडीदेखील महाराष्ट्राने पाहिली आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने सिद्ध झालेली ‘ऊर्जा’ नावाची शेगडी 2006 च्या सुमारास विक्रीस आली आणि लाखो घरांत गेली. तिची ज्योत निळसर, धूर नाममात्र. परंतु ती केवळ विशिष्ट पेलेटवरच चाले, आणि ज्या शेतमालाच्या टाकाऊ भागापासून ते होत त्याला इतर गिऱ्हाईक मिळून भाव चढले, तेव्हा घरोघरचा वापर मंदावला. चांगली शेगडी आणि मिळणारे जळण या दोन निरनिराळ्या बाबी आहेत, हे त्या इतिहासात स्पष्ट लिहिलेले होते. तो मी आधी वाचावयास हवा होता. मी नंतर वाचला.

यंत्र आणले ते मुंबईच्या एका विक्रेत्यामार्फत, परदेशी बनावटीचे, वापरलेले पण दिसण्यात नवे. माघापासून वैशाखापर्यंत त्याने आम्हांस अशी सेवा दिली की मी मालकांकडे त्याची तोंडभरून तारीफ केली. मामा आता सावलीत खुर्चीवर बसत. त्यांचा खोकला त्या वर्षी नेहमीपेक्षा उशिरा आला आणि लवकर गेला. एकच गोष्ट मला खटकत असे. आकडा 120 अंशांवर लावला तरी थंड रात्री आतील उष्णता शंभराच्या आसपास घुटमळे. थंडीचा परिणाम, असे मी स्वतःला सांगितले.

ज्येष्ठात काजव्यांचे दिवस सुरू झाले आणि त्या शनिवारी आमच्याकडे 14 पाहुणे होते. दुपारी तीनला बकऱ्याचे दोन खांदे आणि चार अख्ख्या कोंबड्या आत ठेवल्या. संध्याकाळी घाटघरच्या बाजूने आभाळ काळे होत आले, वारा उठला, आणि पावणेआठला वीज गेली. पंखा थांबला, मळसूत्र थांबले, आणि वाटीतला विस्तव हवेवाचून धुमसू लागला. पाऊण तासाने वीज आली. मी कळ दाबली. यंत्राला मधल्या पाऊण तासाची काहीच खबर नव्हती. त्याने अर्धवट जळलेल्या ढिगावर नव्या कांड्यांचा ढीग घातला, आणि झाकणाच्या सांध्यांतून पिवळसर पांढरा, जाड, डोळ्यांत जाणारा धूर असा बाहेर आला की ओसरीवरचे पाहुणे उठून आत गेले. मग मळसूत्र दोनदा कण्हले आणि अडकले ते अडकलेच. झाकण उघडून मामांनी कोंबडीचा एक तुकडा तोडून तोंडात घातला, थुंकला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “कडू झालं, भाऊसाहेब. माणसास्नी घालू नका.” त्या रात्री पाहुण्यांना मुदपाकखान्यातल्या मावशींनी चुलीवर पिठले-भाकरी करून दहाच्या पुढे जेवावयास वाढले. कोणीही तक्रार केली नाही, आणि त्यामुळे मला अधिकच ओशाळे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते यंत्र उघडले. पेटीतल्या वरच्या कांड्या दिसावयास ठीक होत्या. हात खाली घातला तेव्हा त्या बोटांत पिठासारख्या मोडल्या. त्याखाली कांडी म्हणून उरलीच नव्हती. ओला भुसा फुगून, नळीत दाबला जाऊन, मळसूत्राच्या प्रत्येक आट्यात असा घट्ट बसला होता की जणू कोणी तेथे चुन्याचा गिलावा करून तो वाळू दिला असावा. या पेटीला तळाशी रिकामे करण्याचे दार नव्हते. मामांनी बांबूची काठी तासून तिला चपटे टोक केले, मी छिन्नी धरली, आणि आम्ही दोघांनी मिळून ते मळसूत्र आट्याआट्याने मोकळे केले. त्याला चार तास लागले. पेलेटचे पोते आम्ही पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवले होते आणि वैशाखातल्या पहिल्या वळवाच्या वेळी त्याचे प्लास्टिक कोपऱ्यात फाटले होते, हे तेव्हा ध्यानात आले. घाटघर-रतनवाडीच्या या पट्ट्याला लोक नगर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. येथे ज्येष्ठापासून मीठ पाझरते, काड्यापेटी पेटत नाही, उशीत दमटपणा शिरतो. दाबून कोरड्या केलेल्या भुशाला येथे भिंतीशी टेकवून ठेवणे ही माझी हयगय होती, यंत्राची नव्हे. तथापि दोष फक्त माझा होता असेही नाही.

संगमनेरच्या ज्या वीजमिस्त्रींना मी यंत्र दाखवले त्यांनी पाटीवरचे आकडे वाचून पाच मिनिटांत मला जे सांगितले ते मी पाच महिने शोधीत होतो. हे यंत्र 120 व्होल्ट आणि 60 आवर्तनांच्या विजेसाठी बनवलेले. आपली वीज 230 व्होल्ट आणि 50 आवर्तनांची. विक्रेत्याने जोडून दिलेला ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो, आवर्तने बदलत नाही. आणि मळसूत्र फिरवणारी त्या जातीची मोटर आवर्तनांच्या मानाने फिरते, म्हणून ती येथे जन्मभर पाच-षष्ठांश वेगाने फिरणार, सहा कांड्यांच्या जागी पाच टाकणार. हिवाळ्यातल्या त्या घुटमळणाऱ्या उष्णतेचा उलगडा असा झाला. मिस्त्रींनी मोबदला घेतला नाही. “पाटी आधी वाचीत जा,” एवढेच ते म्हणाले.

मालकांचे म्हणणे असे पडले की हा नाद सोडावा आणि शेगडी पुन्हा बाहेर काढावी. मी मामांना विचारले. ते ओसरीच्या पायरीवर बसून तंबाखू मळीत होते. म्हणाले, “यंत्र वाईट नाय, भाऊसाहेब. पर चांगल्या दिसाला बघून घेतलं ते. गुरू घेताना आपण कव्हा बघतो? चिखलात बघतो. आवंदा घ्यायचं तर आषाढात काय करंल ते इचारून घ्या.” येथे गुरू म्हणजे गुरे, हे दूरच्या वाचकांसाठी सांगावयास हवे. त्यांच्या या सांगण्याने माझी चौकशीची पद्धतच बदलली. पूर्वी मी विक्रेत्यांना विचारीत असे की हे किती अंशांपर्यंत तापते, एका वेळी किती कोंबड्या मावतात, आकडा किती सूक्ष्म लावता येतो. आता मी विचारू लागलो की वीज गेल्यावर हे काय करते, परत आल्यावर काय करते, अडकले तर किती स्क्रू काढावे लागतात, आणि पेटवण्याची सळई जळाली तर ती किती दिवसांत आणि कोठून मिळेल.

या प्रश्नांनी बाजारातली निम्मी यंत्रे आपोआप गळाली. पुष्कळ विक्रेत्यांना वीज परत आल्यावर काय होते हे ठाऊकच नव्हते. एकाने तर असा प्रश्न यापूर्वी कोणी विचारला नाही असे सांगितले, आणि मी त्याच्याकडचा चहा पिऊन निघालो. अखेरीस जे यंत्र आम्ही मंजूर केले, त्यात वीज खंडित होऊन परत आल्यावर ताज्या कांड्या टाकण्याआधी पंखा चालवून वाटीतले जुने जळण संपवण्याची तजवीज होती. पेटीला तळाशी दार होते, ज्यातून रात्रीचे उरलेले पेलेट दोन मिनिटांत डब्यात काढता येतात. राखेचा खण बाहेरून ओढता येत असे. आणि त्याचे मळसूत्र व पंखा बारा व्होल्टच्या एकदिश विजेवर चालत. या शेवटच्या बाबीने माझा निर्णय झाला. पेटवताना पहिली काही मिनिटे सळईला दोन-तीनशे वॅट लागतात. त्यानंतर सगळ्या यंत्राची भूक सुमारे 50 वॅटची. आमच्या कार्यालयातल्या दिव्यांसाठी 150 अँपिअर-तासांची बॅटरी आधीपासून होती. बारा व्होल्टने गुणले तर 1800 वॅट-तास. जुनी झाली म्हणून निम्मी धरली तरी 900. त्याला 50 ने भागले की 18 तास. हा हिशेब मी कोठीच्या वहीत लिहिला आणि मालकांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा तपासला, बॅटरी खरोखरच निम्मी उरली आहे काय हे मिस्त्रींकडून पाहून घेतले, आणि सही केली. सळई मात्र एक जादा घेऊन ठेवा, असे त्यांनीच सुचवले.

यंत्रापेक्षा अधिक काळ गेला तो जळणात. आपल्याकडे कारखान्यांच्या बॉयलरसाठी सोयाबीनचा भुसा, भुईमुगाची टरफले, चिपाड यांचे पेलेट विपुल बनतात, आणि ते स्वस्तही असतात. 2021 नंतर औष्णिक वीजकेंद्रांनाही कोळशात ते मिसळावे लागत असल्याने त्यांचा व्यापार वाढला आहे. परंतु अन्नाशी त्यांचा संबंध येऊ देणे मला मान्य नाही. त्यांची राख फार. ती वाटीत वितळून तिचे खडे बनतात आणि हवेची भोके बुजतात. आणि फर्निचरच्या कारखान्यातील भुसा असेल तर त्यात प्लायवूडचा चिकट रस आला, ज्याचा धूर मी माणसाच्या जेवणाखाली घालणार नाही. अन्नासाठीचे निव्वळ कठीण लाकडाचे पेलेट चांगले असले म्हणजे किलोमागे चमचाभर राख उरते. मी आंब्याच्या आणि बाभळीच्या लाकडाचे नमुने मागवले. प्रत्येकातली कांडी मोडून पाहिली. चांगली कांडी वाळल्या काटकीसारखी ‘कट’ असा आवाज करते आणि तिच्या अंगावर साबण घासल्यासारखी झळाळी असते. मूठभर कांड्या परातीत टाकून वाजवल्या. भुगा किती पडतो ते चाळणीत पाहिले. पाण्याच्या पेल्यात एक-एक टाकली. ती पाहता पाहता फुगून, उसवून, तळाशी भुसा होऊन बसली, आणि त्या शनिवारी नळीत काय घडले ते मी पेल्याच्या काचेतून पुन्हा एकदा पाहिले. आंब्याचा धूर सौम्य, कोंबडीला आणि माशाला मानवणारा. बाभळीचा उग्र, मटणापुरता. शेवटी आंबा मुख्य आणि त्यात चौथा हिस्सा बाभूळ, असे मिश्रण मामांनी ठरवले.

धुराची पारख मामांची आहे, आणि तेथे यंत्राचा आकडा त्यांना काही शिकवू शकत नाही. त्यांच्या लहानपणच्या घरात चुलीच्या वर कामट्यांची ताटी टांगलेली असे. पावसाळ्याच्या बेगमीचे मासे आणि खेकडे तीवर धुरात सुकत, आणि खालच्या अंगाला बियाण्यासाठी राखलेली कणसे लटकत, ज्यांना धुरामुळे कीड शिवत नसे. लाकडातले लिग्निन मंद जळताना जी द्रव्ये सोडते त्यांनीच मांसाला तो वास येतो आणि त्यांनीच काही अंशी कुजणे लांबते, हे मी पुस्तकात वाचले. मामांना ते नाकाने ठाऊक होते. झाकणाच्या फटीतून निघणारा धूर निळसर, विरळ, जवळजवळ दिसू नये असा असला तर ते खुर्चीत बसून राहतात. पांढरा झाला की उठतात. बकऱ्याचा खांदा 115 अंशांत ठेवला की आतली उष्णता चढत चढत सत्तरीच्या जवळ येते आणि तेथे तासन्‌तास खिळून राहते. नवशिक्याला वाटते की यंत्र बिघडले. वस्तुतः मांसाच्या अंगावरचे पाणी उडताना ते थंड होत असते, मडक्यातले पाणी गार व्हावे तसेच. पहिल्या वेळी मी घाबरून आकडा वाढवावयास गेलो, तेव्हा मामांनी माझा हात धरला. “माठ घामेजलाय. वाळंल त्येव्हा चढंल.” दीड तासाने आकडा हलला. सात तासांनी हाड हाताने ओढताच निघाले. त्या वेळी मामांचे डोळे स्वच्छ होते, हेही मी त्याच वहीत, तारखेखाली, लिहून ठेवले आहे.

नवे यंत्र कार्तिकात आले. त्याचा खरा निकाल लागावयास ज्येष्ठ उजाडावा लागला. काजव्यांचेच दिवस, शनिवारच, पाहुणे 11. सहाला वीज गेली आणि ती रात्रभर येणार नाही असे राजूरहून कळले. काजवे पाहावयाचे तर दिवे नकोतच, म्हणून आम्ही ओसरीवरचे दिवेही घालवले. सर्वत्र काळोख, उतारावरच्या झाडांत ती लुकलुक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत होती, विझत होती, पुन्हा धावत होती, आणि पाहुणे कुजबुजतदेखील नव्हते. त्या शांततेत मला स्मोकरकडून काहीच ऐकू येईना आणि माझ्या छातीत धस्स झाले. अंगण ओलांडून गेलो तर मामा आधीच तेथे उभे होते, पेटीच्या पत्र्याला कान लावून. त्यांनी बोट ओठांवर ठेवले आणि मला जवळ ओढले. मी कान लावला. आत मळसूत्र एक वेढा फिरले, थांबले. दोन-तीन कांड्या वाटीत पडल्याचा बारीक खडखड आवाज आला. मग पुन्हा शांतता, आणि पुन्हा एक वेढा. बॅटरीवर, अंधारात, ते आपल्या गतीने चालले होते. आम्ही दोघे बराच वेळ तसेच उभे राहिलो.

साडेनवाला पाने मांडली. पहिले ताट मामांनी स्वतः लावले आणि मागल्या ज्येष्ठातल्या त्या रात्री पिठले-भाकरी जेवून गेलेल्या एका पाहुण्यांपुढे, जे या वर्षी मुद्दाम पुन्हा आले होते, ते नेऊन ठेवले.

आषाढ-श्रावणात आम्ही ते यंत्र वापरीत नाही. मृगाचा पाऊस जमला की मामा पेटीचे तळचे दार उघडून शेवटची कांडी काढतात, आम्ही मळसूत्र कोरड्या फडक्याने पुसतो, वाटी खरवडतो, झाकणाच्या सांध्याला तेलाचे बोट लावतो, आणि सगळ्यावर ताडपत्री आवळून ते कोठीत उंच फळ्यांवर ठेवतो. उरलेले पेलेट घट्ट झाकणाच्या तेलाच्या धुतलेल्या डब्यांत, चुलीच्या भिंतीपलीकडच्या कोरड्या कोपऱ्यात जातात. पावसाळ्याच्या या दोन महिन्यांसाठी मामांनी विटांची एक बुटकी भट्टी बांधून घेतली आहे, तिला उंच धुराडे आहे, आणि तीवर मोजकेच, अगोदर सांगितलेले भाजणे होते. दर पंधरा दिवसांनी मी एक डबा उघडतो, एक कांडी काढतो आणि कानाशी धरून मोडतो. या नारळी पौर्णिमेला मोडली तीही कोरडीच मोडली, आणि तसे मी वहीत लिहिले.